परवडणारी घरं देशाच्या आर्थिक आराखड्यात नेमकी कुठल्या पानावर असावीत?

रेषा
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी काही वर्षं विकास आराखड्यांच्या मसुद्यांवर काम केलंय, म्हणजे आकडे गोळा करायचे, तक्ते जुळवायचे वगैरे. तेव्हापासून एक गोष्ट खुपते. उद्योग, वीज, रस्ते, बंदरं हे सगळं पुढच्या प्रकरणांत असतं आणि घरं मात्र मागे, कल्याणकारी योजनांमध्ये, पेन्शन आणि शिष्यवृत्तीच्या शेजारी. कारखाने कुठे येणार हे ठरवणारी माणसं वेगळी, तिथले कामगार राहणार कुठे हे बघणारी वेगळी, आणि दोघांची एकत्र बैठक झालेली मी तरी कधी बघितली नाही.

एकदा एका औद्योगिक पट्ट्याचा तक्ता माझ्यासमोर होता. त्यात पाणी होतं, वीज होती, ट्रकच्या फेऱ्या किती होणार ते होतं, रोजगार किती तयार होणार तेही होतं. ती माणसं रात्री झोपणार कुठे याचा रकानाच नव्हता. वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले ते हाउसिंगवाले बघतील. हाउसिंगवाल्यांकडे गेले तर त्यांना जमीन मिळालेली पार दुसऱ्या टोकाला, कारण तिकडे स्वस्त होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरं रस्ते आणि विजेच्याच तक्त्यात आली पाहिजेत. ही दयेची मागणी नाहीये. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात सुद्धा नवीन घर हे भांडवलनिर्मितीतच धरतात, यंत्रसामग्री आणि पुलासारखं. म्हणजे हिशोबात गुंतवणूक आणि आराखडा लिहिताना मदत, असा उलटा कारभार आहे.

हे करून बघितलेले देश आहेत. लॉकलिन करी नावाचे अर्थतज्ज्ञ होते, जन्माने कॅनडाचे, रूझवेल्टच्या काळात अमेरिकी सरकारात काम केलेले. १९४९ मध्ये जागतिक बँकेचं पथक घेऊन ते कोलंबियाला गेले आणि पुढे तिथलेच नागरिक झाले. कोलंबियाचा १९७१ ते १९७४ चा राष्ट्रीय आराखडा बराचसा त्यांच्या विचारांवर उभा होता. त्यात चार धोरणं होती आणि पहिलंच होतं घरबांधणी. त्यांचा युक्तिवाद असा, की शेतीतून शहरात येणाऱ्या, फारसं शिक्षण नसलेल्या माणसाला बांधकामावर लगेच काम मिळतं, विटा सिमेंट देशातच तयार होतं त्यामुळे परकीय चलन फारसं लागत नाही, आणि घर प्रत्येकाला हवंच आहे, अडलंय ते फक्त दीर्घ मुदतीच्या पैशापाशी. म्हणून पैशाची वाट मोकळी करा, बाकीचं चाक आपोआप फिरेल.

हे मला पटतं. पण पूर्ण पटत नाही, कुठेतरी कायतरी राहतंय असं वाटतं, म्हणून इथे विचारतेय. बांधकाम, बँक, प्रशासन कुठल्याही बाजूने अनुभव असेल तर लिहा.

जमाखर्च
रेषाताई, चांगला विषय काढलात. गृहकर्जाच्या कामात बरीच वर्षं गेलीयत म्हणून पैशाच्या बाजूने लिहितो.

कोलंबियाची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. १९७२ मध्ये त्यांनी युपॅक नावाचं एक हिशोबाचं एकक आणलं. लोकांनी बचत ठेवायची ती त्या एककात, कर्ज घ्यायचं तेही त्याच एककात, आणि महागाई वाढेल तसं एककाचं मूल्य वाढणार. म्हणजे बचत करणाऱ्याचा पैसा झिजत नाही, आणि त्यामुळे लोक घरासाठी पैसे ठेवायला तयार होतात. कल्पना खरंच भक्कम होती आणि बरीच वर्षं चालली. पण १९९० च्या दशकात त्या एककाची गाठ महागाईऐवजी बाजारातल्या व्याजदराशी बांधली गेली. दशकाच्या शेवटी व्याजदर भडकले, हप्ते वाढले, मुद्दलही फुगलं, घराच्या किमतीपेक्षा कर्ज मोठं अशी गत झाली, कितीतरी कुटुंबांनी घरं बँकेला परत दिली. १९९९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती पद्धतच रद्द ठरवली आणि मग पुन्हा महागाईशी जोडलेलं दुसरं एकक आलं.

यातून मी काय घेतलं ते सांगतो. बँकेकडे ठेवी येतात वर्ष दोन वर्षांच्या आणि घराचं कर्ज असतं वीस वर्षांचं. ही वीस वर्षांची जोखीम कोणीतरी अंगावर घ्यायची असते. राष्ट्रीय आराखड्यात जर ते ठरवलं नाही तर ती गुपचूप कर्जदाराच्या अंगावर जाते, म्हणजे ज्याची ती पेलायची ताकद सगळ्यात कमी त्याच्या. स्वीडनने १९६० पासून पेन्शन फंडांचा पैसा गृहरोख्यांत वळवला आणि १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत दहा लाख घरं बांधली, तेसुद्धा सुमारे ८० लाख लोकवस्तीच्या देशात. सिंगापूरने १९६८ मध्ये भविष्य निर्वाह निधीतला पैसा सरकारी फ्लॅटसाठी वापरायची मुभा दिली. दोन्हीकडे लांब मुदतीचा पैसा लांब मुदतीच्या कामाला लावलाय, यात जादू काही नाही.

अजून एक, आणि हे मी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांकडे बघून सांगतोय. पगारपत्रक नसलेला माणूस आमच्या फॉर्ममध्ये बसतच नाही. एक गवंडी आले होते माझ्याकडे, बारा वर्षं एकाच खोलीचं भाडं वेळेवर भरलेलं, प्रत्येक महिन्याची पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. बारा वर्षांच्या पावत्या टेबलावर मांडल्या त्यांनी. फॉर्ममध्ये त्या पावत्यांसाठी जागा नव्हती. मी अर्ज पुढे पाठवला, नामंजूर होऊन आला. ती पिशवी अजून डोळ्यासमोर आहे.

पायवाट
मी अर्थशास्त्रातली नाही, रुग्णालयात नर्स आहे. पण रेषाताईंनी लिहिलेला तो नसलेला रकाना वाचला आणि राहवलं नाही.

आमच्या वॉर्डात सफाईचं काम करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना सरकारी योजनेतून घर मिळालं, पक्कं, आत संडास, वेगळं स्वयंपाकघर, सगळं नीट. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण घर इतकं लांब की सकाळच्या पाळीसाठी त्यांना पहाटे चारला निघावं लागायचं, दोन गाड्या बदलायच्या, घरी पोचेपर्यंत अंधार. मुलगा सकाळी झोपलेला आणि रात्री पण झोपलेलाच. प्रवासात पगाराचा किती भाग जातो ते त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. आठ महिने काढले त्यांनी तसे. मग घराला कुलूप लावलं आणि रुग्णालयाच्या मागच्या झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने परत आल्या.

आता सरकारी यादीत त्या लाभार्थी आहेत. त्यांचं घर मोजून झालंय. ते कुलूप कोणत्या तक्त्यात मोजतात हे मला समजून घ्यायचंय, खरंच विचारतेय.

खडीवाळू
पायवाटताई, ते कुलूप मोजत नाहीत. मी साइट इंजिनिअर आहे, अशा दोन वसाहती उभ्या राहताना आत होतो म्हणून ठामपणे सांगतो.

आम्हाला टार्गेट असतं पूर्ण झालेल्या घरांचं. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, फोटो काढला, अपलोड केला, बिल निघालं. त्यात वाईट काम केलं असं नाही, आम्ही चांगलं बांधलं होतं, भर उन्हात क्युरिंगला पाणी मिळावं म्हणून टँकरवाल्यांशी भांडलोय मी. तीन वर्षांनी सहज त्या बाजूला जाणं झालं तर पाय निघेना. स्विचबोर्ड उचकटून नेलेले, खिडक्यांच्या चौकटी नाहीत, गच्चीवरच्या टाकीतून पिंपळ वर आलेला. माझ्या हातून लेव्हल केलेल्या जिन्यावर गवत. एका इमारतीत तळमजल्यावर एक म्हातारं जोडपं राहत होतं, ते म्हणाले बस येत नाही, शाळा नाही, दुकान नाही, तरणी माणसं राहणार कशी.

मेक्सिकोत हेच देशाच्या पातळीवर झालं. इन्फोनाविट म्हणून तिथे कामगारांचा गृहनिधी आहे, १९७२ चा, मालक पगाराच्या ५ टक्के त्यात भरतो. म्हणजे जमाखर्च म्हणतात तो लांब मुदतीचा पैसा तिथे होता, भरपूर होता. २००० नंतर त्यावर लाखो घरं बांधली गेली, पण जमीन स्वस्त म्हणून शहरापासून लांब. २०१० च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख घरं रिकामी निघाली. सगळीच काही त्या निधीतली नव्हती, पण लांबच्या वसाहतींतली सोडून दिलेली घरं हा मोठा प्रश्न झालाच. दक्षिण आफ्रिकेत १९९४ ला नवीन सरकारने पाच वर्षांत दहा लाख घरांचं वचन दिलं, घरं खरोखर बांधली, पण बरीचशी वर्णभेदाच्या काळात जिथे काळ्या लोकांना ढकललं होतं त्याच कडेला, कारण जमीन तिथेच परवडत होती.

त्यामुळे करींचं चाक फिरवा म्हणणं मला अर्धंच पटतं. चाक फिरतं हो, मजुराला काम मिळतं, सिमेंट खपतं, जीडीपीत आकडा येतो. पण घरात दिवा लागला की नाही हे जीडीपीला कळत नाही.

आणि चाक एकदम जोरात फिरवलं तरी पंचाईत. दक्षिण कोरियाने १९८८ मध्ये पाच वर्षांत २० लाख घरांचा कार्यक्रम काढला आणि मुदतीच्या आधी पुरा केला, खरंच मोठं काम. पण मधल्या काळात सिमेंट कमी पडलं, कुशल मजूर कमी पडले, मजुरी भडकली, समुद्राची वाळू नीट न धुता वापरल्यावरून तिथे गदारोळ झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खारी वाळू काँक्रीटमध्ये गेली की आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की बाहेरचं काँक्रीट फोडून काढते. बाहेरून काही वर्षं काहीच दिसत नाही. म्हणून आराखड्यात घरांचा आकडा टाकताना वाळू, सळई, सुतार, प्लंबर यांचाही आकडा त्याच पानावर पाहिजे. आयटीआयमध्ये किती मुलं गवंडीकाम शिकतायत हा माझ्या मते हाउसिंगचाच आकडा आहे.

रेषा
खडीवाळू, माझं जे राहत होतं ते तुम्ही नेमकं पकडलंत. मी घरं पुढच्या पानावर आणा म्हणत होते, पण नुसती बांधकाम म्हणून आणली तर पिंपळच उगवणार.

त्या वसाहतीचं पुढे काय झालं?

माधवकाका
मी जरा वेगळं मांडतो, रागावू नका कोणी. सरकारने आराखडे करून घरं बांधायला जाऊच नये असं माझं मत होतं आणि बरंचसं अजून आहे. सरकारने जमिनीचे नियम सुटसुटीत करावेत, परवानग्या वेळेत द्याव्यात, आणि बाजूला व्हावं. शहरात इमारतींची उंची दाबून ठेवायची, पार्किंगच्या अटी लादायच्या, एका सहीसाठी दोन दोन वर्षं फाइल फिरवायची, आणि मग घरं महाग का म्हणून समिती नेमायची, हे चूक आहे.

सबसिडीबद्दल तर मला फार शंका आहे. जमीन जर वाढत नसेल आणि सरकारने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात जास्त पैसे घातले तर ते पैसे जमीनमालकाच्या खिशात जातात, घर तेवढंच महाग राहतं किंवा वाढतं.

रेषा
काका, रागवायचं काय त्यात, परवानग्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आणि सबसिडी जमिनीत मुरते हेही खरंय. पण मग त्यातूनच निघतं ना, की प्रश्न जमिनीचा आहे, आणि जमिनीची किंमत वाढवतं कोण? सरकार मेट्रो आणतं, रस्ता आणतं, औद्योगिक पट्टा जाहीर करतं, दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात. खर्च सगळ्यांचा आणि वाढलेली किंमत मोजक्यांची. सरकारने बाजूला व्हायचं म्हटलं तरी ते बाजूला नसतंच, आराखडा जाहीर करून त्याने भाव आधीच वाढवलेला असतो.

कोलंबियाने १९९७ च्या कायद्यात हे थेट पकडलं. सरकारी निर्णयामुळे जमिनीची किंमत वाढली तर त्या वाढीतला ३० ते ५० टक्के हिस्सा नगरपालिकांनी घ्यायचा. अंमलबजावणी सोपी नाहीये, किंमत किती वाढली हे ठरवण्यावरच भांडणं होतात, पण तत्त्व स्वच्छ आहे. सिंगापूरने तर सरळ १९६६ चा भूसंपादन कायदा करून मोठ्या प्रमाणावर जमीन घेतली आणि १९७० च्या दशकात मोबदल्याचा भाव ठरावीक तारखेला गोठवला. हे फार कठोर होतं, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं, आणि प्रत्येक देशात ते चालेल किंवा चालावं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. तिथलं गृहनिर्माण मंडळ १९६० चं आणि आर्थिक विकास मंडळ १९६१ चं. घरं आणि कारखाने हे एकाच काळात, एकाच विचाराने वाढले, वसाहतींच्या कडेला हलक्या उद्योगांना जागा ठेवल्या, म्हणजे बाईमाणसाला चालत कामाला जाता यावं. आज तिथले जवळपास ८० टक्के रहिवासी त्या मंडळाच्या घरांत राहतात. माझ्या तक्त्यात जो रकाना नव्हता तो त्यांच्या तक्त्यात होता.

माधवकाका
चालत कामाला जाण्याचा मुद्दा मान्य. भूसंपादनाचा नाही. पण मेट्रोच्या शेजारच्या जमिनीत सार्वजनिक वाटा असावा, एवढ्यापर्यंत मी येतो. त्या वाट्यातून मिळालेली जमीन घरांसाठीच राखली जाईल याची हमी पाहिजे मात्र. नाहीतर ती पुढच्या तुटीच्या वर्षी विकून टाकतात.

सांजवात
सगळे मालकीच्या घरांबद्दलच बोलतायत म्हणून लिहितेय. भाड्याचं काय? पायवाट यांच्या ताईंना मालकी नकोच होती खरं तर, त्यांना रुग्णालयाजवळ परवडणारी खोली हवी होती.

मी स्वतः नोकरीपायी नऊ वर्षांत सहा खोल्या बदलल्यात. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. एका ठिकाणी मालकांनी भाडं वाढवलं आणि मला जवळची चांगली नोकरी सोडून लांबची घ्यावी लागली, कारण तिकडे राहणं परवडत होतं. माझ्यासारखे किती जण पगारासाठी नाही तर भाड्यासाठी नोकरी बदलत असतील? हे नुकसान आर्थिक आराखड्यात धरलं पाहिजे ना?

व्हिएन्ना बघा. पहिल्या महायुद्धानंतर शहरात घरांची भयंकर टंचाई होती. १९२३ मध्ये नगरपालिकेने घरबांधणी कर लावला, चढत्या दराचा, म्हणजे छोट्या घराला नावापुरता आणि आलिशान घराला जबरदस्त. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं बांधली, भाड्यानेच द्यायची. त्यातली कार्ल मार्क्स होफ ही १९३० ची वसाहत, १३८२ घरांची, आत धुलाईघर, बालवाडी, दवाखाना, आजही लोक राहतात तिथे. आता शहरातले जवळपास निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्यात शिक्षक आहेत, ड्रायव्हर आहेत, ऑफिसात काम करणारे आहेत. गरिबांची वसाहत असा शिक्का बसत नाही कारण सगळेच राहतात.

भाड्याची घरं नसली की माणूस एक तर झोपडीत जातो किंवा न पेलणाऱ्या कर्जात जातो, मधला रस्ताच उरत नाही.

जमाखर्च
सांजवात, पूर्ण सहमत. फक्त एक अडचण मांडतो, भाड्याच्या घरांत पैसा हळू परत येतो आणि देखभाल कायमची मागे लागते. लिफ्ट, गळती, रंग, पंप. बांधायला निधी मिळतो कारण उद्घाटन करता येतं, पंप दुरुस्तीला मिळत नाही. म्हणून आराखड्यात भांडवली खर्चाबरोबर तीस वर्षांची देखभाल सुरुवातीलाच धरावी, नाहीतर दहाव्या वर्षी ती इमारत धोकादायक म्हणून पाडायची वेळ येते.

आणि आकड्यांचंच बोलायचं तर भारताचं उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. २०११ च्या जनगणनेत शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरं रिकामी सापडली. पुढच्याच वर्षी सरकारच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची टंचाई काढली १ कोटी ८७ लाखांच्या आसपास, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातली. २०१७ च्या अर्थसंकल्पात परवडणाऱ्या घरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला हे चांगलंच झालं, रेषाताई म्हणतात तसं पान बदललं. पण त्या दर्जामुळे बिल्डरचं कर्ज स्वस्त होतं, तेवढ्याने रिकाम्या घराचं कुलूप उघडत नाही.

पायवाट
माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि मिळालं नाही पण. मला वाटतं यादीत घर मिळालं की नाही याच्यापुढे अजून दोन साधे प्रश्न घालावेत. घरात कोण राहतंय, आणि कामाला पोचायला किती वेळ लागतो. वर्षभराने परत विचारावेत. आम्ही टाके घातलेल्या पेशंटला सुद्धा आठ दिवसांनी परत बोलावतोच की.

रेषा
पायवाट, हे मी लिहून घेतलंय. नवीन मसुद्यावर परत काम सुरू होणार आहे, माझ्या हातात फार काही नसतं पण तक्त्याचे रकाने सुचवता येतात. सध्या माझ्या यादीत आहे: वर्षभराने वस्ती आहे का, कामापर्यंतचा वेळ, भाड्याची घरं किती, कर्जाच्या व्याजाची जोखीम कोणावर, देखभालीचा निधी कुठून, आणि प्रत्येक औद्योगिक पट्ट्याच्या तक्त्यात झोपायच्या जागा किती. काका, राखीव जमीन विकता येणार नाही ही अटही घातलीय. गवंड्यांच्या त्या भाडेपावत्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून धराव्यात हे कर्जाच्या प्रकरणात टाकतेय. अजून काही सुचलं तर सांगा.

खडीवाळू, तुमच्या वसाहतीबद्दल विचारलं होतं, ते राहिलंच.

खडीवाळू
हो, राहिलं, माफ करा, साइटवर होतो.

त्या वसाहतीपासून थोड्या अंतरावर पुढे एक गोदामांचा पट्टा आला, घरांसाठी नाही, त्यांचं त्यांचं वेगळं चाललं होतं. कामगारांसाठी बस सुरू झाली आणि तिचा थांबा वसाहतीच्या तोंडाशी पडला. कोणी ठरवून केलं नव्हतं, वळायला जागा तिथेच होती म्हणून. मागच्या पावसाळ्यानंतर मी परत गेलो होतो. लांबून मोजायची माझी एक पद्धत आहे, गॅलरीतल्या दोऱ्यांवर कपडे किती ते बघायचं. आधी एका दोरीवर होते, त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या. ह्या वेळी पहिल्या दोन इमारतींमध्ये बहुतेक सगळ्या दोऱ्या भरलेल्या होत्या, शाळेचे गणवेश पण होते. बसथांब्यापासून लांबच्या तीन इमारती अजून रिकाम्याच आहेत. पिंपळ कोणीतरी मुळापासून काढलाय, टाकीला प्लास्टर मात्र नीट केलेलं नाही, ते मी त्यांना दाखवून आलो.